उठल्यावर सुटलेलं गणित

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



भाषणाआधी एक कोडं घालतो. कागद-पेन काढा.

चार छोट्या साखळ्या आहेत. प्रत्येकीत तीन कड्या, म्हणजे एकूण बारा. सगळ्या कड्या बंद आहेत. या चार साखळ्या जोडून बारा कड्यांची एकच गोल माळ करायची आहे. एक कडी उघडायला सोनार २ रुपये घेतो आणि उघडलेली कडी परत बंद करायला ३ रुपये. तुमच्या खिशात १५ रुपये आहेत. एक पैसा जास्त नाही. माळ करून दाखवा.

पाच मिनिटं देतो. शेजाऱ्याच्या कागदात बघायचं नाही.

...झाली पाच मिनिटं. बहुतेकांच्या कागदावर २० रुपये दिसतायत. ज्यांना १५ मध्ये जमलं त्यांनी कृपा करून गप्प बसा. बाकीच्यांनी कागद उलटा करून मांडीखाली ठेवा. आता कोड्याचा विचार करायचा नाही, माझं ऐकायचं.

मी मिरजेचा. गेली २२ वर्षं शाळेत गणित शिकवतोय आणि संध्याकाळी मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत जाऊन बसतो. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे असतात. सकाळी सातला आलेला मुलगा रात्री अकराला उठतो. डबाही पुस्तकावरच खातो. किती तास झाले विचारलं की अभिमानाने सांगतो, "सर, चौदा." चौदा तासांत काय समजलं, हे त्याला कुणी विचारत नाही. खरं सांगायचं तर मीही विचारायचो नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. असाच एकजण एका गणितापाशी अडकला होता. तीन तास तेच पान, तीच आकडेमोड, खोडायचं आणि पुन्हा तेच लिहायचं. डोळे लाल. मी त्याचं पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "जा, दुकानातून चहासाठी दूध घेऊन ये." त्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याचा अपमान केलाय. दूध आणलं, गणित काही सुटलं नाही. चमत्कार वगैरे घडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सायकलमध्ये हवा भरताना ते सुटलं. पंप तसाच टाकून तो सांगायला आला होता.

हे नेमकं काय होतं? उठल्यावर गणित का सुटतं? आणि कधी कधी का सुटत नाही? आज एवढंच बोलायचं आहे.

मला याची पहिली ओळख घरातच झाली. आमचे अब्बा सतारी बनवायचे. मिरजेत हा धंदा जुना आहे, तुमच्यातल्या कुणाकुणाच्या घरी अजून असेल. सतारीच्या भोपळ्यावरच्या तबलीवर घोडी बसवतात आणि तिच्यावरून तारा जातात. ती घोडी कानसीने अगदी थोडी थोडी घासून तारेचा आवाज मोकळा करायचा, त्याला जवारी लावणं म्हणतात. हे काम मापात बसत नाही, सगळं कानावर. एक झटका जास्त बसला की घोडी वाया, कारण घासलेलं हाड परत भरता येत नाही. जवारी जमेना की अब्बा कानस खाली ठेवायचे, टोपी उचलायचे आणि स्टेशनकडे चहाला चालू लागायचे. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी. अम्मी चिडायची, "काम सोडून चालले." अर्ध्या तासाने येऊन दोन हात मारायचे आणि तार बोलायला लागायची.

तेव्हा वाटायचं, अब्बांकडे काहीतरी जादू आहे. मग कॉलेजात असताना आंरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाबद्दल वाचलं आणि वाटलं, अरे, हा तर आमच्या अब्बांसारखाच माणूस.

प्वांकारेने १९०८ साली पॅरिसमध्ये मानसशास्त्रज्ञांसमोर एक व्याख्यान दिलं. गणित सुचतं कसं, हे त्याने स्वतःचंच उदाहरण घेऊन सांगितलं. तो तरुणपणी काँ नावाच्या गावात शिकवत होता. एका प्रकारची फलनं अस्तित्वातच असू शकत नाहीत, हे सिद्ध करायला तो पंधरा दिवस धडपडला. रोज टेबलाशी एक-दोन तास बसायचा, नाना जुळण्या करून बघायचा, हाती काही लागायचं नाही. एका रात्री सवय नसताना कोरी कॉफी प्यायला, झोप उडाली, आणि सकाळपर्यंत उलटंच सिद्ध झालं: अशी फलनं असतात!

पुढचा भाग जास्त प्रसिद्ध आहे. भूगर्भशास्त्राच्या एका सहलीला तो गेला. प्रवासात गणित विसरून गेला होता. कुतांस या गावी सगळे ऑम्निबसमध्ये, म्हणजे तेव्हाच्या प्रवासी गाडीत, चढत होते. त्याने पायरीवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी लक्षात आलं की आपण या फलनांसाठी जी रूपांतरं वापरली, ती अयुक्लिडीय भूमितीतलीच आहेत. आधीचा कुठलाही विचार तिथपर्यंत घेऊन जाणारा नव्हता. गाडीत बसून त्याने चाललेल्या गप्पा पुढे सुरू ठेवल्या. पडताळा घरी परतल्यावर सावकाश घेतला. पुढे एकदा अंकगणिताच्या प्रश्नावर वैतागून समुद्रकाठी राहायला गेला असताना, कड्यावरून चालताना दुसरी गोष्ट सुचली. तिसरी सैन्यातल्या सेवेच्या काळात, रस्ता ओलांडताना.

पायरी, कडा, रस्ता. या गोष्टी ऐकून आमची पोरं खूश होतात. "सर, म्हणजे फिरायला गेलं की सुचतं!" थांबा. प्वांकारेने त्याच व्याख्यानात एक अट सांगितली आहे आणि ती बहुतेक जण गाळतात. अबोध मनाचं काम फळाला येतं ते आधी जाणीवपूर्वक कष्ट केले असतील तरच, आणि नंतरही केले तरच. पंधरा दिवस वाया गेले असं त्याला वाटत होतं, पण त्या दिवसांनीच ते यंत्र चालू केलं होतं. आणि अबोध मन लांबलचक आकडेमोड करून तयार उत्तर हातात देत नाही, असंही तो म्हणतो. ते फक्त एखादी दिशा दाखवतं. तिथून पुढचं चालणं तुमचं.

ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ मध्ये 'द आर्ट ऑफ थॉट' या पुस्तकात याच्या चार पायऱ्या केल्या. पूर्वतयारी, उबवण, लख्ख दिसणं आणि पडताळणी. मला यातला उबवण हा शब्द फार आवडतो. कोंबडी अंड्यावर बसते तेव्हा बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. पण मंडळी, अंडं आधी घालावं लागतं! रिकाम्या टोपलीवर बसलेल्या कोंबडीच्या नशिबी काय येणार?

आता आपल्याला जवळचं एक नाव. इब्न सिना. दहाव्या शतकाच्या शेवटी बुखाऱ्यात वाढलेला हा मुलगा सतराव्या-अठराव्या वर्षी वैद्य म्हणून नावाजला होता. त्याने आपल्या शिष्याला सांगितलेलं आत्मवृत्त उपलब्ध आहे. त्यात तो म्हणतो की एखाद्या तर्काची मधली कडी सापडेना झाली की मी मशिदीत जायचो, नमाज पढायचो, दुवा मागायचो, आणि बंद असलेलं उघडायचं. रात्री घरी दिवा लावून पुन्हा वाचन-लेखन. झोप लागली तर तेच प्रश्न स्वप्नात यायचे आणि त्यातले बरेच स्वप्नातच उलगडायचे. त्याने श्रेय अल्लाहला दिलं आहे. मी फक्त क्रम बघतो: दिवसभर झगडणं, मग उठून जाणं, परत येऊन पुन्हा दिव्याशी बसणं, मग झोप.

थकवा आला की एक प्याला घेऊन ताजातवाना व्हायचो, असंही तो बिनदिक्कत सांगतो. उलट हेल्महोल्त्स हा जर्मन शास्त्रज्ञ १८९१ साली सत्तरीच्या समारंभात म्हणाला होता की माझ्या कल्पना लिहायच्या टेबलाशी कधी आल्या नाहीत, उन्हात झाडीची टेकडी सावकाश चढताना आल्या आणि दारूच्या थेंबानेही पळून गेल्या. या एका मुद्द्यावर मी जर्मनाच्या बाजूचा आहे.

इब्न सिनाचीच दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ॲरिस्टॉटलचं 'मेटाफिजिक्स' त्याने चाळीस वेळा वाचलं. पाठ झालं, पण कळलं नाही. हे पुस्तक समजणं शक्यच नाही म्हणून नाद सोडला. मग एका दुपारी पुस्तकांच्या बाजारात एक दलाल मागे लागला, घ्या हो, मालकाला पैशांची गरज आहे, ३ दिरहमला देतो. नको नको म्हणत घेतलं. ते निघालं अल फाराबीचं, त्याच ग्रंथाचा हेतू उलगडणारं. घरी जाऊन वाचलं आणि सगळं उजळलं. दुसऱ्या दिवशी त्याने आनंदाने गरिबांना दान वाटलं. आता सांगा, त्या दुपारी बाजारात आणखी शेकडो माणसं असतील. त्यांच्यापैकी कुणाच्या हातात ते पुस्तक पडलं असतं तर? तीन दिरहमची रद्दी. चाळीस वाचनांनी ज्याच्या डोक्यात एक खाच तयार झाली होती, त्याच्याच खाचेत ते बसलं.

आता जरा कडू भाग. मोठ्या माणसांच्या आठवणी म्हणजे पुरावा नव्हे. सुचलेले प्रसंग लक्षात राहतात. समुद्रकाठी फिरून काहीच सुचलं नाही असे दिवस कोण लिहून ठेवतो? म्हणून प्रयोग हवेत, आणि ते झाले आहेत.

तुमच्या मांडीखालचं कोडं त्यातलंच आहे. १९७१ साली सिल्वेरा या संशोधक विद्यार्थिनीने अमेरिकेत ते वापरलं. ज्यांनी सलग अर्धा तास काम केलं त्यांच्यापैकी ५५ टक्क्यांना सुटलं. ज्यांना मध्ये अर्ध्या तासाची सुट्टी दिली, त्यांच्यात ६४ टक्के. चार तासांची सुट्टी दिली तेव्हा ८५ टक्के. कोड्यावर खर्च केलेला वेळ सगळ्यांचा तेवढाच.

पण याच प्रयोगातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. तिने लोकांना मोठ्याने विचार करायला सांगितलं होतं. सुट्टीवरून परतलेले लोक उत्तर खिशात घेऊन आलेले नव्हते! त्यांनी कोडं पुन्हा जवळजवळ पहिल्यासारखंच हाती घेतलं, फक्त चुकीच्या वाटेवर ते कमी अडकले. म्हणजे आपण चहा पीत असताना आत कुणी कारकून बसून आपलं गणित सोडवत असतो, हे चित्र बहुधा खरं नाही. निदान नेहमी तरी नाही. स्टीव्हन स्मिथ या मानसशास्त्रज्ञाने मुद्दाम दिशाभूल करणारे इशारे देऊन कोडी घातली, तेव्हा मधल्या सुट्टीत तो खोटा इशारा विसरलेल्यांना फायदा झाला. चुकीची वाट विसरणं हेच सुट्टीचं मोठं काम आहे, असं मला पटतं. तुमच्या कागदावर २० रुपये का आले? कारण प्रत्येक साखळीचं एक टोक उघडायचं, हे तुम्ही न ठरवता ठरवून टाकलंत. त्या टोकाला धरून बसलात तर पंधरा तास बसा, वीसच येणार. अब्बांच्या बाबतीत तर आणखी साधं कारण असेल. तेच ते स्वर ऐकून कान थकत असेल आणि चहाने तो ताजा होत असेल. त्यात अबोध मनाचं काही नसेलही.

मग आत काहीच घडत नाही का? तसंही म्हणवत नाही. २००४ मध्ये जर्मनीतल्या ल्युबेकमध्ये झालेला प्रयोग ऐका. लोकांना आकड्यांचं एक कंटाळवाणं काम दिलं. त्यात एक नियम लपलेला होता, तो सापडला तर काम झटक्यात व्हायचं. थोडा सराव करून घेतल्यावर ८ तासांनी पुन्हा बसवलं. मधल्या काळात झोपलेल्या २२ पैकी १३ जणांना तो नियम दिसला. जागं ठेवलेल्यांच्या दोन्ही गटांत २२ पैकी फक्त ५. रात्रभर जागून अभ्यास करणाऱ्यांनी हे आकडे घरी भिंतीवर लावावेत. आणि ज्यांनी झोपेआधी सराव केलाच नव्हता, त्यांना झोपून काही फायदा दिसला नाही. पुन्हा तीच अट.

२००९ साली लँकेस्टर विद्यापीठातल्या सिओ आणि ऑर्मरॉड या दोघांनी अशा ११७ अभ्यासांची एकत्र छाननी केली. सुट्टीचा फायदा खरा आहे, असं निघालं. तो सगळ्याच प्रकारच्या प्रश्नांना सारखा नसतो. आधी झगडण्याचा वेळ जितका जास्त, तितका सुट्टीचा फायदा जास्त. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी मला ते लागणार आहे. काही दावे मात्र नंतर टिकले नाहीत. अवघड निर्णय विचार न करता घेतलेले बरे, अबोध मन चांगला निवाडा करतं, असा एक डच सिद्धांत मध्यंतरी फार गाजला. पुढे मोठ्या प्रमाणावर तपासणी झाली तेव्हा त्याला आधार मिळाला नाही. तेव्हा लग्न, कर्ज आणि फॉर्म भरणं या गोष्टी जागेपणीच करा.

आता मोबाइल. अभ्यासिकेतली मुलं विसावा घेतात म्हणजे काय करतात? जिन्यात बसून रील बघतात. दहा मिनिटांत चाळीस माणसं त्यांच्या डोक्यात येऊन नाचून जातात. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या दोघांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना शब्दकोडी दिली आणि मध्ये विसावा दिला. ज्यांनी तो मोबाइलवर घालवला, ते परतल्यावर विसावाच न मिळालेल्यांच्या जवळपास होते. मला यात नवल वाटत नाही. विसावा म्हणजे हात चालू आणि डोकं मोकळं. दूध आणणं, सायकलमध्ये हवा भरणं, कपडे वाळत घालणं, मशिदीपर्यंत चालत जाणं.

आणि भाकरी थापणं. आता मी माझ्या आपाबद्दल सांगणार आहे. तिला विचारून सांगतोय.

आपा माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी. भूमितीतले रायडर तिच्याइतक्या झटपट सोडवणारं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं. तिची पद्धत ठरलेली. शाळेतून आली की अर्धा तास आकृती काढून तिच्याशी भांडायची. मग अम्मीची हाक आली की उठून चुलीपाशी. मी वहीत डोकं घालून बसलेला असायचो आणि मध्येच चुलीपासून ओरड यायची, "ती रेषा पुढे वाढव, त्रिकोण बाहेर आहे!" हातातली भाकरी हातातच.

दहावी झाली, चांगली झाली, आणि तिची शाळा थांबली. का थांबली, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, इथल्या निम्म्या मुलींच्या घरी तो विषय आत्ता चालू असेल. मी अकरावी-बारावी केली. बारावीत एका गणितात अडकलो तेव्हा सवयीने तिला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं. हात चालू राहिले. दोन भाकऱ्या झाल्या, चार झाल्या, काही आलं नाही. मी म्हटलं, "आपा, तुला तर भाकरी थापताना सुटायचं की." ती म्हणाली, "भाकरी थापताना सुटत नव्हतं रे. आधी अर्धा तास बसायला मिळायचं, म्हणून सुटायचं."

मघाचं ते ११७ अभ्यासांतलं वाक्य आणि आपाचं हे वाक्य एकच आहे. तिने ते पीएचडी न करता सांगितलं, आणि मी ऐकून वर गणिताच्या वर्गाला निघून गेलो.

आमच्या घराने काय केलं होतं बघा. मला फक्त बसणं दिलं आणि तिला फक्त उठणं दिलं. मी चौदा तास बसून डोकं आपटायचो, कारण माझं ताटसुद्धा कुणी उचलू द्यायचं नाही. तिच्याकडे हात चालू आणि डोकं मोकळं असे दिवसाचे सहा-सात तास होते, पण त्या डोक्यात उबवायला काही ठेवायचीच सोय नव्हती. मुलींना घरकामात आपोआप विसावा मिळतो, असं कुणी या भाषणाचा आधार घेऊन बोललं तर मला बोलवा, मी येऊन भांडेन. आधी झगडायला मिळालं असेल तरच त्याला विसावा म्हणायचं, नाहीतर ते नुसतं काम आहे.

आपा आज ब्लाउज शिवते. महाग कापड कमी पडलं की दार लावून घेते आणि ते पसरून नुसती बघत बसते. तेवढा वेळ तिने आता नवऱ्याकडून, मुलांकडून भांडून घेतलाय. मग घडी घालून ठेवते. पुष्कळदा सकाळी बाही निघते.

आता चहा आहे. पंधरा मिनिटं. मोबाइल दाराशी ठेवलेल्या टोपलीत टाका. कागद उलटाच राहू दे. उत्तर मी चहानंतरही सांगणार नाही, तुमच्यातलंच कुणीतरी सांगेल. चहा आज मुलं वाटतील, आणि कपही तेच विसळतील. मुलींपैकी ज्यांना कोड्याशी अजून थोडं भांडायचं असेल, त्यांनी कागद सरळ करून बसून राहावं. चहा तुमच्या जागेवर येईल.